४५ किलोचा मुलगा, १८ किलोची सायकल

मे महिन्यातल्या कोणत्याही संध्याकाळी सायकलच्या दुकानात हे दृश्य हमखास दिसते. आई, वडील आणि आठवीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा. मुलाचे डोळे एकाच सायकलीवर खिळलेले. जाडजूड फ्रेम, पुढे शॉकअप, सीटखाली आणखी एक भलीमोठी स्प्रिंग, दोन्ही चाकांना चकचकीत डिस्क. दुकानदार सांगतो, "काका, डबल शॉकअप आहे, एकवीस गिअर. सध्या सगळी पोरं हीच घेतात." वडील किंमत विचारतात. आईचा प्रश्न वेगळा असतो, "दोन-तीन वर्षं पुरेल ना? याची उंची अजून वाढायचीय." उत्तर तयारच असते, "म्हणून तर मोठ्या मापाची दाखवतोय, ताई." बारा-तेरा हजार रुपये मोजले जातात आणि सायकल घरी येते.

त्यापुढचे दृश्य दिवाळीच्या सुमारास सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसते. टायर बसलेले, चेन गंजून तांबूस झालेली, सीटवर धुळीचा थर. "हौस होती तेवढ्यापुरती. आता मोबाइलमधून डोकं वर निघत नाही," असे म्हणून घरचे विषय संपवतात. दोष मुलाच्या आळसावर ढकलला जातो. पण अनेकदा मुलगा आळशी नसतो. त्याला अशी सायकल दिलेली असते, जी चालवणे हे सुखापेक्षा कष्टाचेच जास्त असते. ती निवडताना जे डोळ्यांना दिसते त्यावर पैसे खर्च झालेले असतात आणि जे त्याच्या शरीराशी जुळायला हवे होते ते कोणी तपासलेलेच नसते.

हा प्रश्न केवळ बारा हजार रुपयांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस स्वरूपाची शारीरिक हालचाल करायला हवी. प्रत्यक्षात ११ ते १७ वयोगटातली जगातली पाचपैकी चार मुले-मुली तेवढी हालचाल करत नाहीत, असे याच संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवरून दाखवून दिले आहे. शाळा, क्लास आणि गृहपाठ यांच्या कात्रीत सापडलेल्या मुलाला वेगळा 'व्यायामाचा तास' काढणे अवघड जाते. सायकलचे मोल इथे आहे. क्लासला जाणे-येणे, मित्राकडे चक्कर, रविवारी जवळच्या टेकडीपर्यंतची फेरी यांतून तो तास आपोआप भरतो. मात्र त्यासाठी सायकल रोज बाहेर निघायला हवी. त्यामुळे किशोरवयीन मुलासाठी माउंटन बाइक घेताना एकच कसोटी लावायला हवी: ही सायकल सहा महिन्यांनंतरही रोज चालवावीशी वाटेल का?

तेल नसलेला शॉकअप

सर्वांत आधी शॉकअपविषयी, कारण मुलांना भुरळ पडते ती त्याचीच. शॉकअपमध्ये दोन कामे असतात. स्प्रिंग धक्का झेलते. दाबलेली स्प्रिंग मात्र तेवढ्याच जोराने उसळी मारते. ती उसळी रोखण्याचे काम दुसऱ्या यंत्रणेचे असते. चांगल्या शॉकअपमध्ये तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते, त्यात धक्क्याची ऊर्जा उष्णतेत बदलते आणि चाक शांतपणे जमिनीवर राहते. ज्यांनी शॉकअपचे तेल गळालेली स्कूटर चालवली आहे त्यांना या दुसऱ्या यंत्रणेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तशी स्कूटर प्रत्येक खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलते आणि वळणावर ताबा सुटतो की काय असे वाटते.

दहा-पंधरा हजारांच्या सायकलीतला शॉकअप बहुधा पहिल्या दिवसापासून तसाच असतो. आत स्प्रिंग असते, फार तर रबराचा एखादा तुकडा असतो. उसळी रोखणारे तेल नसते. दुकानातच याची परीक्षा करता येते. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार द्यावा आणि चटकन सोडावा. हँडल टुणकन वर आले तर आत फक्त स्प्रिंग आहे असे समजावे. अशा शॉकअपचे वजन अडीच ते तीन किलो असू शकते. शिवाय मुलगा उभा राहून चढावर जोर लावतो तेव्हा त्याचा काही जोर चाकाकडे जाण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात जातो. मागेही स्प्रिंग असेल तर तिथले सांधे आणि बुश झिजतात, वर्षभरात मागचे चाक डावी-उजवीकडे हलू लागते आणि असे सुटे भाग गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत.

मग शॉकअपविना माउंटन बाइक कसली, असा प्रश्न येतो. त्याला इतिहासच उत्तर देतो. माउंटन बाइकचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, माउंट तमालपाइसच्या उतारांवर झाला. १९७० च्या दशकात तिथली तरुण मंडळी १९३०-४० च्या काळातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली पिटाळत. १९७६ मध्ये तिथे 'रीपॅक' नावाची शर्यत सुरू झाली. त्या उतारावर मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि दर फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून हे नाव. त्या सायकलींना शॉकअप नव्हता. १९८१ मध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होऊन बाजारात आलेल्या 'स्टम्पजम्पर' या माउंटन बाइकलाही तो नव्हता. डोंगर उतरण्यासाठी त्यांच्याकडे होते ते मजबूत फ्रेम, रुंद हँडल आणि जाड टायर.

यातला टायर विशेष महत्त्वाचा. हवा भरलेला जाड टायर हाच सायकलचा पहिला, सर्वांत हलका आणि फुकट मिळणारा शॉकअप आहे. दोन इंचांच्या आसपास रुंदीच्या टायरमध्ये ४५-५० किलोच्या मुलासाठी ३० ते ३५ पीएसआय हवा सहसा पुरते. मात्र टायरच्या कडेवर छापलेल्या किमान आणि कमाल मर्यादेत राहायला हवे. अंगठ्याने दाबून 'टाइट' होईपर्यंत हवा भरण्याची सवय या टायरला मारक ठरते. दगडासारखा टणक झालेला टायर प्रत्येक खडा थेट मनगटापर्यंत पोहोचवतो. नेमकी हवा भरलेला टायर मात्र मुरूम, फुटका डांबरी रस्ता आणि गतिरोधक यांचा बराचसा मार स्वतः खातो.

उत्तम शॉकअप वाईट असतो, असा याचा अर्थ नाही. खडकाळ पायवाटेवरून वेगाने उतरणाऱ्यासाठी तो गरजेचाच आहे. पण तेल असलेला, दुरुस्त होणारा शॉकअप या किमतीच्या सायकलीत येत नाही. तोच पैसा हलकी फ्रेम आणि विश्वासार्ह ब्रेक यांवर गेलेला बरा. ज्याला शॉकअप हवाच आहे त्याने निदान मागचा तरी टाळावा. चार इंची टायरच्या 'फॅट बाइक'बद्दलही हेच. ते टायर बर्फावर आणि वाळूवर रुतू नयेत म्हणून जन्माला आले. डांबरी रस्त्यावर ते ओढत नेण्यात दम जातो.

वजनाचा हिशेब

दोन्हीकडे स्प्रिंग असलेली स्वस्त, लोखंडी फ्रेमची सायकल १७-१८ किलोंपर्यंत सहज जाते. चौदा वर्षांच्या मुलाचे वजन ४५ किलो धरले तर सायकल त्याच्या वजनाच्या ४० टक्के झाली. ७५ किलोच्या वडिलांना हाच न्याय लावला तर त्यांना ३० किलोची सायकल चालवावी लागेल. कोणते वडील ती रोज चालवतील?

अठराऐवजी चौदा किलोची सायकल घेतली तर चढावर मुलाला साधारण ६ टक्के कमी काम करावे लागते. ऐकायला हा आकडा छोटा वाटतो. पण हे वजन फक्त चढावर जाणवत नाही. प्रत्येक सिग्नलनंतर ते पुन्हा हलवावे लागते, जिन्यावरून उचलावे लागते, चिखलातून काढावे लागते आणि तोल गेला तर सावरावेही लागते. मित्रांच्या घोळक्यात सारखा मागे पडणारा मुलगा चौथ्या रविवारी येत नाही, तो या सगळ्याची बेरीज झाल्यामुळे.

म्हणून दुकानात जाताना प्रवासी बॅग तोलण्याचा छोटा काटा खिशात टाकावा. सायकल सीटखाली अडकवून तोलायला एक मिनिट लागते. दुकानदार हसेल, पण हाच आकडा माहितीपत्रकात बहुधा छापलेला नसतो. वजन १५ किलोंच्या आत असेल तर उत्तम. ॲल्युमिनियमची, म्हणजे बोलीभाषेतली 'अलॉय' फ्रेम हलकी असते आणि गंजत नाही. कोकणासारख्या दमट, खाऱ्या हवेत याचा मोठा फायदा आहे. लोखंडी फ्रेम जड असली तरी तडा गेल्यास तालुक्याच्या गावीही वेल्डिंग करून मिळते. ॲल्युमिनियमला तडा गेला तर ती फ्रेम बादच समजावी. गाव कोणते आणि दुरुस्ती कुठे होणार, यावर हा निर्णय घ्यायला हवा.

एकवीस गिअरचे गणित

एकवीस हा आकडा भारदस्त वाटतो. तो येतो पुढच्या तीन आणि मागच्या सात चकत्यांच्या गुणाकारातून. या सायकलींत नेहमी दिसणारी रचना घेऊ: पुढे २४, ३४ आणि ४२ दात, मागे १४ पासून २८ दातांपर्यंत सात चकत्या. आता पुढे २४ व मागे १४, पुढे ३४ व मागे २०, पुढे ४२ व मागे २४ या तीन जोड्यांचा भागाकार करून पाहावा. उत्तर दरवेळी १.७ ते १.७५ येते. म्हणजे तीन वेगळे गिअर वाटतात, पायाला मात्र एकच जाणवतो. शिवाय अगदी तिरक्या जोड्या वापरल्या तर चेन घासते. एकवीसपैकी खरोखर वेगळे आणि वापरण्याजोगे गिअर दहा-बाराच उरतात.

गिअरचा खरा उपयोग संख्येत नसून दोन टोकांमधल्या अंतरात आहे. वरच्या रचनेत सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीत २६ इंची चाकाची सायकल पावणेदोन मीटर जाते आणि सर्वांत जड गिअरमध्ये सहा मीटरच्या आसपास. बिनगिअरच्या सायकलीत हेच अंतर साधारण पाच मीटर असते. म्हणूनच ती सपाटीवर मजेत चालते आणि टेकडी आली की हातात धरून न्यावी लागते. पुणे, नाशिक, सातारा किंवा रत्नागिरीसारख्या चढ-उतारांच्या गावात हलका गिअर ही चैन नसून गरज आहे. गुडघ्यांच्या दृष्टीने तर अधिकच. जड गिअर रेटण्यापेक्षा मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या होतील असा हलका गिअर फिरवणे सांध्यांना सोसते. सपाट गावात, शाळा-क्लासपुरत्याच वापरासाठी मात्र पुढे एकच चकती असलेली सात-आठ गिअरची किंवा अगदी बिनगिअरची सायकलही पुरेशी होते. भाग कमी, बिघाडही कमी.

फ्रेमवरच्या नामांकित गिअर कंपनीच्या स्टिकरनेही भुलू नये. अनेकदा त्या कंपनीचा फक्त मागचा डिरेलर असतो. पुढचा डिरेलर, चेन आणि क्रँक दुसऱ्याच कुणाचे. कोणता भाग कोणाचा, हे एकेक करून विचारावे.

वाढत्या अंगाचा गणवेश नव्हे

शाळेचा गणवेश दोन बोटे मोठा शिवायचा, म्हणजे पुढल्या वर्षीही येतो, ही मराठी घरातली जुनी शहाणी काटकसर. सायकलच्या बाबतीत तीच घातक ठरते. मोठा शर्ट फार तर बेढब दिसतो. मोठ्या फ्रेमच्या सायकलवरून अचानक खाली उतरावे लागले तर पाय जमिनीला टेकण्याआधी फ्रेमची नळी लागते. हात ताणून हँडल धरावे लागते, त्यामुळे मान आणि कंबर दुखते. बोटे ब्रेकपर्यंत नीट पोहोचत नाहीत, आणि यातला धोका तर सर्वांत मोठा.

दुकानात 'सव्वीसची' किंवा 'एकोणतीसची' म्हणतात ते चाकाचे माप. मुलाशी जुळायला हवे ते फ्रेमचे माप. त्याची सोपी चाचणी अशी: सायकलच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून, चप्पल-बूट घालून सपाट उभे राहावे. नळी आणि शरीर यांच्यात किमान तीन बोटांची, म्हणजे ५ सेंटिमीटरची तरी मोकळी जागा हवी. टेकड्यांवर जाणार असेल तर आणखी थोडी. उंची १५० सेंटिमीटरच्या आत असेल तर २४ इंची चाकाची सायकल घेण्यात कमीपणा मानू नये.

सीटची उंची हा तर घरोघरी होणारा गोंधळ. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, असा पालकांचा आग्रह असतो. शिकणाऱ्या लहान मुलासाठी ते ठीक. तोल साधलेल्या मुलासाठी मात्र ती सीट फार खाली असते. गुडघा सतत दुमडलेला राहतो आणि वाटीमागचा दाब वाढतो. योग्य उंची अशी: पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. मग पुढचा तळवा पॅडलवर ठेवून चालवताना गुडघ्यात थोडासाच बाक उरतो.

या वयात हे अधिक महत्त्वाचे का, याला शरीरशास्त्रीय कारण आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्याने वाढते. त्या वर्षी मुलगा ९ सेंटिमीटरही वाढू शकतो, आणि आधी पाय वाढतात, मग धड. हाडे लांबतात त्या वेगाने स्नायू लांबत नाहीत. मांडीचा स्नायू गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जिथे जोडलेला असतो तिथली वाढणारी जागा ताणली जाते आणि दुखते. 'ऑसगुड-श्लाटर' या नावाने ओळखली जाणारी ही तक्रार खेळणाऱ्या मुलांमध्ये नेहमी आढळते. खाली ठेवलेली सीट आणि जड गिअर त्यात भर घालतात. म्हणून दर तीन महिन्यांनी सीटची उंची तपासावी. सीटच्या दांडीवर कोरलेली मर्यादेची रेषा वर दिसू लागली की फ्रेम लहान पडली असे समजावे आणि दांडी आणखी वर ओढू नये. दुखणे दोन-तीन आठवडे टिकले, सूज आली किंवा मुलगा लंगडू लागला तर डॉक्टरांना दाखवावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. बाराव्या-तेराव्या वर्षी अनेक घरांत मुलीची सायकल हळूच बंद होते. तिला रस असतो, पण भावासाठी घेतलेल्या सायकलची सीट तिला टोचते, फ्रेम मोठी पडते, आणि हे बोलून दाखवायला संकोच वाटतो. पुढून किंचित खाली झुकवलेली, थोडी रुंद सीट आणि मापाची फ्रेम एवढ्याने बहुतेक त्रास जातो. नवी सीट काही शे रुपयांत मिळते.

थांबता आले पाहिजे

डिस्क ब्रेक उपयुक्त आहेत. चिखलात आणि पावसात ते रिमवर घासणाऱ्या ब्रेकपेक्षा भरवशाचे ठरतात. पण स्वस्त, केबलच्या डिस्कला वरचेवर जुळवणी लागते. ती येणारा मेकॅनिक जवळ नसेल तर ॲल्युमिनियमच्या रिमवरचा चांगला व्ही-ब्रेक अधिक बरा. त्याचे रबर कुठेही मिळते आणि मुलगा स्वतः बदलू शकतो. लोखंडी, क्रोम केलेल्या रिमवर मात्र पावसात ब्रेक लागायला धोकादायक उशीर होतो. ब्रेक कोणताही असो, मुलाने दोन बोटांनी तो पूर्ण दाबून दाखवावा. लिव्हर लांब वाटत असेल तर त्यावरच्या छोट्या स्क्रूने तो बऱ्याच सायकलींत जवळ आणता येतो. थांबताना भार पुढे सरकतो, त्यामुळे पुढचा ब्रेकच अधिक काम करतो. दोन्ही ब्रेक मिळून, अंग थोडे मागे घेऊन कसे लावायचे, हे पहिल्याच दिवशी मोकळ्या मैदानात शिकवावे.

सायकल जोडणी किती नीट झाली यावरही सुरक्षितता अवलंबून असते. खोक्यातून घरपोच येणारी सायकल अर्धवट जोडलेली असते. पुढचा काटा उलटा बसवला जाणे, हँडल सैल राहणे या चुका घरच्या जोडणीत होतात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे माहीत नसल्याने जोर लावून आटेच खराब केले जातात. दोन-चारशे रुपये देऊन जाणत्या मेकॅनिककडून जोडून घेणे आणि महिनाभराने पुन्हा सगळे कसून घेणे हा खर्च सायकलच्या किमतीतच धरायला हवा.

पंधरा हजारांची वाटणी

खिशात पंधरा हजार असतील तर सगळे सायकलवर घालू नयेत. अकरा-बारा हजारांची शॉकअपविना किंवा फक्त पुढे शॉकअप असलेली, मापाची, नावाजलेल्या उत्पादकाची सायकल घ्यावी. उरलेल्या पैशांत हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पंप, कुलूप आणि वर्षभराचे सर्व्हिसिंग बसवावे. सायकलस्वाराला कायद्याने हेल्मेट सक्तीचे नाही, म्हणून ते यादीतून सर्वांत आधी वगळले जाते. २०१६ मध्ये अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात हेल्मेटमुळे डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता जवळपास दोन तृतीयांशाने कमी झाल्याचे दिसले. भुवईच्या वर दोन बोटांवर बसणारे, हनुवटीखाली नीट आवळलेले हेल्मेटच उपयोगी पडते. आपटल्यानंतर ते बदलावे.

बजेट सात-आठ हजारांचेच असेल तर नवी भपकेदार सायकल घेण्यापेक्षा जुनी चांगली घ्यावी. पार्किंगमध्ये धूळ खाणाऱ्या सायकलींची आपल्या शहरांत कमतरता नाही. घेण्यापूर्वी फ्रेमच्या जोडांवर तडा आहे का पाहावे, चाक उचलून फिरवावे आणि रिम डोलते का बघावे, क्रँक बाजूला हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का तपासावे. चेनसाठी शाळेची पट्टी पुरते. चेनच्या बारा पूर्ण कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. दीड मिलिमीटरने जास्त भरल्या तर चेन बदलायला झाली; तीन मिलिमीटरने जास्त असतील तर मागच्या चकत्याही झिजलेल्या असणार. तेवढा खर्च किमतीतून वजा करून सौदा करावा.

मुलाचे काय?

इतका हिशेब केल्यावर एक आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. सायकल शेवटी मुलाला चालवायची आहे. जी सायकल मित्रांपुढे न्यायला त्याला लाज वाटेल ती कितीही हलकी आणि मापाची असली तरी घरातच राहील. चौदाव्या वर्षी सायकल हे वाहन असते तसेच ते स्वातंत्र्यही असते. ती कशी दिसते हा प्रश्न त्याच्यासाठी फालतू नसतो. पण यावर उपाय आहे. वजन, माप, ब्रेक आणि हलका गिअर या चार अटी पालकांनी ठेवाव्यात. त्यात बसणाऱ्या तीन-चार सायकलींतून रंग आणि रूप मुलाने निवडावे. त्याआधी त्याला दोन्ही प्रकारच्या सायकली एखाद्या चढावर पंधरा मिनिटे चालवू द्याव्यात. डबल शॉकअपचे आकर्षण भाषणाने जात नाही. ते त्या चढावर जाते.

सायकल चालवणे हा सर्वांगीण व्यायाम आहे असेही मानू नये. हृदय आणि फुप्फुसांना ती उत्तम, पण शरीराचा भार सीट पेलत असल्याने हाडांना धावण्या-उड्या मारण्याने मिळतो तसा ताण तिच्यातून मिळत नाही. कबड्डी, खो-खो, दोरीवरच्या उड्या यांची जागा ती घेत नाही. तिने मैदानापर्यंत न्यावे, हे अधिक बरे.

आणि शेवटचा खर्च वेळेचा आहे. पंक्चर काढणे, चेन पुसून दोन थेंब तेल सोडणे, हवा तपासणे यांसाठी महिन्यातून एक तास पुरतो. तो तास मुलाबरोबर आई किंवा वडिलांनी पान्हा हातात घेऊन बसावे. पहिले काही रविवार एखाद्या जाणत्याने सोबत जाऊन कमी रहदारीचा रस्ता, वळताना हात दाखवणे आणि ट्रकपासूनचे अंतर हे सगळे दाखवून द्यावे. जी सायकल स्वतःला दुरुस्त करता येते आणि जिच्यावरून कुठे जायचे हे ठाऊक असते, ती सहसा पार्किंगच्या कोपऱ्यात जात नाही. दिवाळीत तिच्यावर धूळ दिसणार की चिखल, हे बरेचसे मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी दुकानातच ठरलेले असते.